पोर्कचा फरा स्मोक करायचाय: किती तास आणि किती डिग्री?

उन्हाळा सुरू झाला की मला फोनवर तोच प्रश्न येतो, आधी फक्त इकडच्या अमेरिकेतल्या मित्रांकडून यायचा, आता वसई आणि पुण्याकडूनही येतो, की चार किलोचा पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराचा पुढचा फरा, आणलाय, स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या बंद भट्टीत, किती तास ठेवू ते सांग. मी दरवेळी आधी विचारतो की मांसात खुपसायचा थर्मामीटर आहे का. नसेल तर तो आधी घ्या, मांस नंतर आणा. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर तासांत नाहीच, मांसाच्या मधोमध किती डिग्री झालंय त्यात आहे. तास म्हणजे नुसता अंदाज, पाहुण्यांना किती वाजता बोलवायचं हे ठरवण्यापुरता.

मी मूळचा वसईचा, त्यामुळे डुकराचं मटण माझ्यासाठी नवीन नव्हतं, सोरपोतेल, विंदालू हे सगळं घरात बघतच मोठा झालो. पण ते सगळं बारीक तुकडे करून, व्हिनेगर आणि मसाल्यात, चुलीवर नाहीतर कुकरमध्ये. आख्खा फरा न कापता दिवसभर धुरात ठेवायचा हा प्रकार मी नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर पाहिला. इथे लेक्सिंग्टन नावाचं छोटं गाव आहे, तिथली सगळी ओळखच पोर्क शोल्डरवर उभी आहे. हिकरी नावाच्या झाडाची लाकडं एका बाजूला जाळून त्यांचे निखारे करतात, मग ते फावड्याने विटांच्या भट्टीत मांसाच्या खाली पसरतात, आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पसरत राहतात. वर घालायला व्हिनेगर, थोडं केचप आणि तिखट घातलेलं पातळ पाणी, त्याला ते डिप म्हणतात. पहिला घास घेतला तेव्हा ते व्हिनेगर आणि डुकराची चरबी एकत्र तोंडात आल्यावर मला सरळ घर आठवलं. तेव्हापासून हे घरी नीट जमवायचं म्हणून मी मागे लागलोय आणि जे समजलं ते सगळं इथे सांगतो.

आधी कुठला भाग घ्यायचा ते. मटणाच्या दुकानात आपण पुढचा फरा मागतो ना, तोच, फक्त डुकराचा. इथे त्याचे दोन भाग करून विकतात, वरच्याला बोस्टन बट म्हणतात आणि खालच्या, पायाकडच्या भागाला पिकनिक. नावात बट असलं तरी तो मागचा भाग नाही, पुढच्या पायाचा वरचा भाग आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने बोस्टन बटच घ्यावा, हाडासकट, तीन ते चार किलोचा. त्यात चरबी मांसाच्या मधून मधून पसरलेली असते त्यामुळे चुकायला जागा मिळते. भारतात बहुतेक ठिकाणी कातडीसकट मिळतं, ती कातडी काढून टाकायची कारण तिच्यातून ना मीठ आत जातं ना धूर. आणि दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की तुकडे करू नको, आख्खा हवाय, नाहीतर त्याचा हात सवयीने चालतो.

आता हा भाग इतका वेळ का घेतो? कारण हा काम करणारा स्नायू आहे. जनावर उभं राहतं, चालतं, मान खाली घालून जमीन उकरतं, तो सगळा भार खांद्यावर. अशा स्नायूत कोलॅजन भरपूर असतं, म्हणजे तंतूंना एकत्र बांधणारं चिवट जाळं. हे कोलॅजन गरमीत आणि ओलाव्यात हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. जिलेटिन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, पायाचं सूप रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची जेली झालेली असते, ते जिलेटिनच. फऱ्याचं मांस शेवटी मऊ आणि ओलसर लागतं ते त्यातल्या पाण्यामुळे कमी आणि या जिलेटिनमुळे आणि वितळलेल्या चरबीमुळे जास्त.

मांसाच्या आत टप्प्याटप्प्याने काय होतं ते एकदा कळलं की बाकीचं सगळं आपोआप सुटतं. पन्नास डिग्री सेल्सियसच्या आसपास प्रथिनं घट्ट व्हायला लागतात. साठ ते सत्तरच्या दरम्यान ते कोलॅजनचं जाळं आकसतं आणि ओला कपडा पिळावा तसं मांसातलं पाणी बाहेर पिळून काढतं. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर डिग्रीला हा फरा सगळ्यात वाईट अवस्थेत असतो, पाणी गेलंय आणि कोलॅजन अजून विरघळलेलं नाही. माझा पहिला फरा मी नेमका इथेच काढला होता, कारण कुठेतरी वाचलं होतं की पोर्क ६३ डिग्रीला खायला सुरक्षित होतं, मी तर ७४ पर्यंत नेलं होतं. वाचलेलं खोटं नव्हतं, अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून आख्ख्या तुकड्यासाठी ६३ डिग्री आणि वर तीन मिनिटं विश्रांती एवढंच सांगितलंय. पण ते जंतू मरण्याचं तापमान आहे, मऊ होण्याचं नाही. चॉप्सना ते चालतं, फऱ्याला नाही. त्या दिवशी आठ माणसं जेवायला होती आणि मांस चावता चावत नव्हतं, मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून हे इतकं खोलात सांगतोय.

ऐंशीच्या पुढे कोलॅजन भराभर विरघळतं. ८२-८५ ला काप करता येतात. ९० च्या पुढे तंतू एकमेकांपासून सुटायला लागतात आणि ९३ ते ९६ ला, म्हणजे इकडच्या भाषेत २०० ते २०५ फॅरनहाइटला, हाताने ओढलं की धागे धागे होतात. पुल्ड पोर्क म्हणतात ते हेच. शंभरच्या जवळ नेलं तर लगदा होतो, तेही नको.

इथे कुणीही हुशार माणूस विचारेल की अरे कुकरमध्ये हेच मांस पाऊण तासात मऊ होतं की, आणि कुकरमध्येही १२० डिग्री असतात आणि तुझ्या स्मोकरमध्येही १२० च. बरोबर आहे. पण कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, दाब असतो, त्यामुळे मांस स्वतः १२० पर्यंत पोचतं. स्मोकरमध्ये १२० आहे ती हवा. हवा उष्णता फार सावकाश देते, १२० डिग्रीच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालू शकतो पण उकळत्या पाण्यात बोट घालू शकत नाही, ते तर शंभरच असतं. त्यात मांस ओलं आहे, ओल्या वस्तूवरून पाणी उडत राहतं आणि ते उडता उडता वस्तूला गार करतं. म्हणून हवा १२० असली तरी मांस शंभरच्या आतच राहतं. कुकरचं मांस मऊ होतं पण त्याला तो वरचा काळा खरपूस थर येत नाही आणि धुराची चव येत नाही, त्यासाठीच एवढा खटाटोप.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यामुळे निम्मी माणसं घाबरतात. मांसाचं तापमान सकाळपासून छान चढत असतं, ४०, ५०, ६०, आणि मग ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी ते थांबतं. थांबतं म्हणजे खरंच थांबतं, दोन तास, तीन तास, कधी चारही, आकडा हलतच नाही, कधी एखादी डिग्री खालीही येतो. याला इथे स्टॉल म्हणतात. लोकांना वाटतं थर्मामीटर बिघडला, कोळसा विझला, मग ते आग वाढवतात, झाकण उघडून बघतात, आणि पुढचं सगळं बिघडतं. काहीही बिघडलेलं नसतं. हा आपला माठ आहे. माठातलं पाणी गार का होतं, तर बाहेर झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून. इथेही तेच, मांस आतून पाणी पिळून बाहेर टाकतंय, ते पृष्ठभागावरून उडतंय आणि निखारे जेवढी उष्णता देतायत तेवढी ते उडणारं पाणी परत घेऊन जातंय. एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात आणि तेच एक ग्रॅम उडवायला सुमारे २,३०० ज्यूल, पाचशे पटीहून जास्त. मग आकडा हलणार कसा?

पूर्वी लोक सांगायचे की या वेळात चरबी वितळत असते किंवा कोलॅजन विरघळत असतं, त्यात उष्णता खर्ची पडते. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे साध्या प्रयोगाने तपासलं, एक चरबीचा गोळा आणि एक ओला स्पंज दोन्ही तापवून बघितले. चरबीचा गोळा न थांबता तापत गेला, ओला स्पंज मात्र मांसासारखाच मध्ये अडकला. म्हणजे कारण पाणीच. मला हा प्रयोग फार आवडतो, इतका साधा आहे आणि वादच संपवून टाकतो.

यातूनच पुढचं कळतं. कूलर नागपूरला मस्त चालतो आणि मुंबईत चालत नाही, कारण मुंबईची हवा आधीच दमट आहे, पाणी उडायला जागा नाही. तसंच ज्या स्मोकरमध्ये हवा भरपूर खेळते, पंखा असतो, तिथे स्टॉल लांबतो. मातीच्या जाड अंड्यासारखे जे बंद स्मोकर असतात त्यात हवा कमी फिरते, आत ओलावा कोंडतो, तिथे स्टॉल कमी जाणवतो. आणि स्टॉल तोडायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मांस गुंडाळून टाकायचं, पाणी उडायची वाटच बंद. अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळलं की तासाभरात आकडा परत चढायला लागतो. याला इकडे टेक्सास क्रच म्हणतात, म्हणजे टेक्सासची कुबडी, आणि काही लोक ते कमीपणाचं मानतात. मी मानत नाही. फक्त कधी गुंडाळायचं ते आकड्यावर नको, रंगावर ठरवा. वरचा थर गडद तपकिरी झाला पाहिजे आणि नखाने हलकं खरवडलं तर मसाला निघून येता कामा नये. साधारण ७०-७४ ला ही अवस्था येते. त्याआधी गुंडाळलं तर तो थर बनतच नाही, आतल्या वाफेत सगळा मसाला ओला होऊन उतरतो. फॉइलऐवजी जाड गुलाबी-तपकिरी कागद मिळतो त्यात गुंडाळलं तर थोडी वाफ निघून जाते, थर जास्त खरपूस राहतो पण वेळ थोडा जास्त लागतो. बटर पेपर म्हणून मिळणारा मेणाचा कागद मात्र नको, मेण वितळतं.

स्मोकरचं स्वतःचं तापमान किती ठेवायचं? बहुतेक ठिकाणी १०७ डिग्री, म्हणजे २२५ फॅरनहाइट, असं लिहिलेलं दिसतं. ते चालतं, पण घरच्या माणसाला मी १२१, म्हणजे २५०, सांगतो. १०७ वर आग टिकवणं कठीण असतं, कोळसा धुमसतो, धूर कडू होतो आणि चार किलोच्या फऱ्याला चौदा-सोळा तास लागू शकतात. १२१ वर तोच दहा ते बारा तासांत होतो आणि चवीत मला तरी काही कमी वाटलेलं नाही. १३५ वर आठ-नऊ तासांतही होतो, फऱ्यात चरबी एवढी असते की तो हे सहन करतो. त्याच्या फार वर नको, मसाल्यात साखर असेल तर ती जळायला लागते. आणि आकडा दहा डिग्री इकडे तिकडे झाला तर धावपळ करू नका, ११५ ते १३० च्या मध्ये आहे ना, मग हात लावू नका, दर वेळी झाकण उघडलं की आतली सगळी गरम हवा जाते आणि ती परत भरायला वेळ जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, स्मोकरच्या झाकणावर जो घड्याळासारखा काटा असतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो वरच्या हवेचं तापमान सांगतो, तुमचं मांस खाली जाळीवर आहे, वीस डिग्रीचा फरक सहज पडतो. दोन सुया असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, एक सुई जाळीवर मांसापासून दोन बोटं लांब आणि दुसरी मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता. आणि वापरण्याआधी तो बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून बघा, शून्य दाखवला पाहिजे.

किलोला किती तास हा हिशोब लोक विचारतातच, १२१ वर साधारण किलोला तीन तास धरा. पण हा हिशोब फसवा का असतो ते समजून घ्या. उष्णता वजनाला विचारून आत जात नाही, ती बाहेरून मध्यापर्यंतचं अंतर कापते. म्हणून जाडी महत्त्वाची. चार किलोचे दोन फरे एकाच वेळी ठेवले, मध्ये हवा खेळायला जागा सोडली, तर आठ किलोचा वेळ लागत नाही, जवळपास चार किलोचाच लागतो, फक्त थंड मांस जास्त असल्यामुळे सुरुवातीला आग थोडी जास्त लागते. उलट एकच फरा पण बुटका आणि जाड असेल तर त्याच वजनाच्या लांबट तुकड्यापेक्षा जास्त वेळ घेतो. घाई असेल तर फरा मधून दोन भागांत कापा, वेळ बराच वाचतो आणि खरपूस थरही जास्त मिळतो. वारा, थंडी, पाऊस हेही वेळ वाढवतात, पत्र्याच्या पातळ स्मोकरला वाऱ्याचा फार त्रास होतो.

मागच्या वेळी केलेल्या एका फऱ्याची माझी वही समोर आहे, ३.७ किलो, हाडासकट, तिच्यावरून दिवस कसा जातो ते सांगतो. दोन दिवस आधी तो फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवला, एवढा तुकडा वितळायला दीड-दोन दिवस लागतात आणि गोठलेला फरा सरळ स्मोकरमध्ये कधीच टाकायचा नाही. आदल्या रात्री मीठ चोळलं, किलोला दहा-बारा ग्रॅम. मीठ आत मुरतं म्हणून ते आधी लावायचं, बाकी मिरची, जिरं, मिरी, लसूण पावडर, थोडी ब्राऊन शुगर हे सगळं वरच राहतं, ते सकाळी लावलं तरी चालतं. पहाटे पाचला मांस जाळीवर, आत ४ डिग्री. पुढचे तीन तास झाकण उघडलंच नाही. नऊला आत ५९, सव्वादहाला ६७, आणि मग तिथून बाराला ७०. वाजले साडेबारा तरी ७१, रंग छान गडद झाला होता म्हणून फॉइलमध्ये गुंडाळलं. दोनला ८०, साडेतीनला ९१, सव्वाचारला ९५ आणि सुई सगळीकडे सहज आत गेली. पाहुणे साडेसहाला. मधले सव्वादोन तास तो गुंडाळलेला आईसबॉक्समध्ये.

हे मधले दोन तास चुकून राहिलेले नाहीत, मुद्दाम ठेवलेले आहेत, आणि मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त सांगायची आहे. फरा लवकर झाला तर काही नुकसान नाही, उशिरा झाला तर सगळी माणसं उपाशी बसतात आणि मग तुम्ही घाई करून तो ८५ ला काढता. म्हणून जेवायच्या वेळेपासून उलटं मोजा, शिजायला बारा तास धरा, वर दोन तास विश्रांती. लवकर झाला तर फॉइल दोन-चार मिनिटं उघडी ठेवून वाफ जाऊ द्या म्हणजे तो आणखी शिजत राहणार नाही, मग परत गुंडाळा, जुन्या टॉवेलात बांधा आणि रिकाम्या, बर्फ नसलेल्या आईसबॉक्समध्ये ठेवून झाकण लावा. मोठा तुकडा तीन-चार तास छान गरम राहतो. सुई आतच राहू द्या, ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, तेवढं बघा. या विश्रांतीत जिलेटिन थोडं घट्ट होतं, रस आत धरला जातो, लगेच उघडून ओढला तर तो सगळा पाटावर वाहून जातो.

झाला की नाही हे शेवटी आकडा नाही सांगत, सुई सांगते. ९३ झाले की चार-पाच ठिकाणी सुई घालून बघा, उकडलेल्या रताळ्यात जाते तशी अडथळ्याशिवाय गेली पाहिजे. एका जागी अडली तर अजून अर्धा तास. दुसरी खूण म्हणजे आतलं फऱ्याचं पातं, ते चपटं हाड धरून हलवलं तर मांस सोडून बाहेर यायला लागतं, स्वच्छ, पांढरं. ते हाड तसं निघालं की मला दरवेळी तेवढाच आनंद होतो.

आता धुराबद्दल. धूर जास्त म्हणजे चव जास्त असं नाही. दाट पांढरा धूर निघत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये, त्याची काजळी मांसावर बसते आणि जिभेला कडू, औषधासारखी चव लागते. हवा तो पातळ, निळसर, जवळजवळ दिसणारच नाही असा. म्हणून कोळसा पूर्ण पेटू द्या, वीस-पंचवीस मिनिटं धूर साफ व्हायची वाट बघा, मगच मांस ठेवा. लाकूड भिजवायचं नाही, ओलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि मग धुमसतं. मुठीएवढे वाळलेले तीन-चार तुकडे पुरतात. मांस कापल्यावर कडेला जी गुलाबी कड दिसते ती कच्चेपणाची नाही, धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात त्याची आहे. ती साधारण पहिल्या काही तासांतच बनते, बाहेरचं मांस ६० च्या पुढे गेलं की थांबते, म्हणून धूर सुरुवातीला महत्त्वाचा. गुंडाळल्यानंतर लाकूड घालणं म्हणजे लाकूड वाया घालवणं.

लाकूड कुठलं, तर इथे हिकरी, ओक, सफरचंद. भारतात पेरूचं वाळलेलं लाकूड मिळालं तर चांगलं. चीड-देवदारासारखं राळ असलेलं लाकूड नको, प्लायवूड, रंग दिलेलं, पॅकिंगच्या खोक्याचं तर अजिबात नको. आणि कण्हेर अंगणात असते म्हणून तिची काडीही आगीत टाकू नका, ती विषारी आहे.

वेगळा स्मोकर नसेल तरी अडत नाही. गोल झाकणाची साधी कोळशाची ग्रिल असते तिच्यात दाबलेल्या कोळशाच्या वड्या कडेकडेने दोन खाली दोन वर अशा रांगेत अर्ध्याहून जास्त गोलात लावायच्या, फक्त एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या वड्या ठेवायच्या, ती रांग उदबत्तीसारखी सावकाश जळत जाते. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचं पातेलं आणि त्याच्या वर मांस. खालची हवेची भोकं थोडीशीच उघडी, वरचं भोक उघडं. तापमान खालच्या भोकाने कमी-जास्त करा, आणि थोडं फिरवलं की पंधरा मिनिटं थांबा, लगेच परत फिरवू नका. हे सगळं बाहेर, मोकळ्यावर. घरात, बंद गॅरेजमध्ये, बंद बाल्कनीत कधीच नाही, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणसं मरतात. पाऊस आला म्हणून आत ओढू नका, त्यापेक्षा मांस ओव्हनमध्ये न्या.

हो, ओव्हनमध्ये. पाच-सहा तास धुरात ठेवून रंग आला, फॉइलमध्ये गुंडाळलं, की पुढे मांसाला फक्त उष्णता हवी असते, ती निखाऱ्यांची आहे की विजेची याने काही फरक पडत नाही. १२० वर ओव्हन लावा, खाली ट्रे ठेवा, आकडा ९५ होईपर्यंत वाट बघा. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत, ज्यांना बारा तास आगीजवळ बसता येत नाही त्यांनी हेच करावं.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण मनापासून सांगतो. मांस ४ ते ६० डिग्रीच्या मध्ये जास्त वेळ रेंगाळता कामा नये, चार तासांत ते ६० पार झालेलं बरं, म्हणून स्मोकर १०० च्या खाली चालवू नका. सुई पहिल्या तासानंतर घाला, म्हणजे वरचे जंतू आत ढकलले जाणार नाहीत. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीची भीती आपल्याकडे खरी आहे, पण ९५ डिग्रीला ती शिल्लक राहत नाही, कच्च्या मांसाचा पाट, सुरी आणि हात मात्र नीट धुवा. आणि गोव्यात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, धुरावर टांगतात ते बघून कुणी मंद धुरात दिवसन् दिवस मांस ठेवायला जाऊ नका, त्यात भरपूर मीठ आणि व्हिनेगर असतं, वाळवण असतं, ती टिकवण्याची वेगळी विद्या आहे, ही शिजवण्याची आहे.

हाताने ओढताना साध्या हातमोज्यांवर जाड रबरी मोजे घाला, मोठे चरबीचे गोळे काढून टाका आणि फॉइलमध्ये साठलेला रस चरबी काढून परत मांसात मिसळा, तो फेकू नका. चार किलोच्या कच्च्या फऱ्यातून दोन-सव्वादोन किलो मांस निघतं, चौदा-पंधरा माणसांना पुरतं. वर ते डिप, एक कप सफरचंदाचं व्हिनेगर, दोन-तीन चमचे केचप, चमचाभर साखर, कुटलेली लाल मिरची, मीठ, मिरी, एकदा गरम करून गार केलेलं. मी त्यात कधी कधी घरची बॉटल मसाल्याची चिमूट टाकतो. इथे पावात कोबीबरोबर खातात, आमच्या घरी भाकरीबरोबर जास्त संपतं.

उरलं तर दोन तासांच्या आत पसरट डब्यांत भरून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस चालतं, थोडा रस घालून फ्रीजरमध्ये ठेवलं तर दोन-तीन महिने. परत गरम करताना ७४ डिग्रीपर्यंत, झाकण ठेवून, रसात. आणि ते पातं टाकून देऊ नका, दुसऱ्या दिवशी मसुराची आमटी करताना ते हाड त्यात घालून अर्धा तास उकळू द्या.